सांध्याच्या खालून

झाडाला फूट आली ही बातमी दादाने स्वतः फोन करून सगळ्यांना दिली, आणि गेले कित्येक महिने एकमेकांशी धड न बोलणारी तीन भावंडं रविवारी त्याच्याकडे जेवायला जमायची ठरली. आता फूट काय, रोज कुठल्या ना कुठल्या झाडाला येतच असते. त्यासाठी कोणी माणसं जेवायला बोलावत नाही. पण बाबांनी या घरी राहायला येण्यासाठी एकच अट घातली होती, आणि ती या झाडाची होती.

आई गेली आणि पाठोपाठ बाबांची गुलाबाची बाग गेली. जागा रस्त्यात गेली, त्याला कोण काय करणार. बाबांना कुठे न्यायचं यावर तिघांची खूप ओढाताण झाली. दादा म्हणे माझ्याकडे, ताई म्हणे माझ्याकडे, धाकटा म्हणे तुम्ही दोघं ठरवा आणि मला कळवा. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तिचं झाड जिथे जगेल तिथे मी राहीन. ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, धाकट्याच्या दवाखान्यामागे नुसती फरशी. दादाच्या घरामागे मात्र ऊन येणारा मातीचा एक पट्टा होता. ताईला हे लागलं. मातीच्या पट्ट्यापायी आपण हरलो असं तिला वाटलं, आणि तसं ती बोलूनही गेली.

तिचं झाड म्हणजे आईचं. रंगकामाच्या बारीक ब्रशने एका गुलाबाचा पराग दुसऱ्या गुलाबावर लावून आईने बी धरलं होतं आणि त्यातून हे रोप आलं होतं. पाकळी बाहेरून फिकट जांभळी, आतून सायीच्या रंगाची. मूळ रोप नाजूक निघालं, म्हणून बाबांनी त्याचा एक डोळा, म्हणजे जिथून फूट येते तो काडीवरचा उंचवटा, सालीसकट काढून रानगुलाबाच्या खुंटावर भरला. म्हणजे खाली मुळं रानगुलाबाची, वर झाड आईचं, आणि दोन्ही जुळतात तिथे एक फुगीर गाठ. तिला बाबा सांधा म्हणत. पुढे ते मूळ रोप मेलं. रोपवाटिकावाले एक डोळा द्या म्हणून खेटे घालून थकले, पण बाबांनी कुणाला डोळा दिला नाही, की काडी दिली नाही. तेव्हा सगळ्या जगात ते झाड एकच होतं.

थंडीत झाडं हलवली. तिच्या झाडाबरोबर बाजारात कुठेही मिळतील अशी चार साधी झुडपंही आली. बाबा खुर्ची टाकून बसले होते. दिसणं तोवर बरंच गेलं होतं, समोर पाहिलं की मधला भागच गायब, कडेकडेचं तेवढं दिसायचं. तरी हुकूम चालूच होते. नव्या जागी मुळांना सगळं झाड पोसवत नाही, म्हणून छाटणी गुडघ्याइतकी ठेवा. काप तिरका, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर. सांधा मातीच्या बोटभर वर राहिला पाहिजे. खत घालू नका, नुसतं पाणी. आणि आता मी येईपर्यंत कात्री घरात. एवढं सांगून बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ताईकडे राहायला गेले.

इथपर्यंत सगळं ठीक झालं होतं, हे आधी सांगून ठेवतो. पुढचं जे झालं ते या घराच्या सवयीमुळे झालं.

या घरात कोणी कुणाला तोंडावर चुकलास असं म्हणत नाही. मोठी सभ्य माणसं. तो उठून गेला की मग मागून येऊन त्याचं काम आपल्या पद्धतीने नीट करायचं, आणि अवाक्षर काढायचं नाही. वहिनी, म्हणजे दादाची बायको, नवी नवरी म्हणून आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने केलेल्या भाजीत सासूने गुपचूप मीठ घातलं, मग नणंदेने घातलं, मग अळणी असणार या खात्रीने नवऱ्याने घातलं. जेवताना सगळ्यांनी ती भाजी मुकाट्याने खाल्ली. वहिनी अजून तो किस्सा सांगते तेव्हा हसते, पण तिचे डोळे हसत नाहीत.

तर पहिली कात्री दादाने लावली. दादाचं तसबिरींच्या चौकटी करायचं दुकान. चार कोपरे जुळले नाहीत तर या माणसाला झोप लागत नाही. मागच्या दारात चहा पिताना त्याला रोज दिसायचं, की तिच्या झाडाची एक फांदी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. बाबांनी कात्री घरात ठेवायला सांगितलं होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण एवढ्याशाने काय होतंय, असं म्हणून त्याने ती एक उतरवली, मग तिच्या मापाने बाकीच्या उतरवल्या. काप मात्र सुरेख घेतले, अगदी चौकटीच्या कोपऱ्यासारखे तिरके. काड्या त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानाच्या कचऱ्यात टाकल्या, कारण घरच्या टोपलीत वहिनीला दिसल्या असत्या.

वहिनीला झाड बुटकं झालेलं दिसायचं ते दिसलंच. हा उद्योग नवऱ्याचा, हेही कळलं. विचारलं असतं तर तो दोन दिवस फुगून बसला असता, म्हणून तिने विचारलं नाही. तिला त्या उघड्या खोडाची दया आली. बिचाऱ्याला ऊब मिळेल म्हणून तिने बुंध्याशी माती आणि वाळका पाला यांचा चांगला ढीग लावला आणि वरून हाताने थापला. प्रेमाने केलं सगळं. पण त्या ढिगाखाली सांधा झाकला गेला, आणि तो कुठे आहे हे सांगायला वर कसलीच खूण उरली नाही.

मग ताई आली, बाबांच्या खोलीच्या पडद्यांचं माप घ्यायला. वहिनी बाजारात गेली होती. ताईचं केस कापायचं पार्लर आहे. टोकं सुकली की केसाची वाढ खुंटते हे वाक्य ती दिवसातून दहा बायकांना ऐकवते. झाडाची टोकं काळपट पडलेली तिने पाहिली आणि तिच्या मनात आलं, बघा, यांच्याकडे दिलं झाड आणि ही दशा. त्यात तिला थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. पर्समधली कात्री काढून तिने वाळलेलं उडवलं, आणि हात बसलेला असल्याने जरा जास्तच उडवलं. काड्या कोपऱ्यावरच्या कचरापेटीत गेल्या. घरी जाऊन ती बाबांना म्हणाली, झाड छान आहे.

शेवटचा धाकटा. हा दातांचा डॉक्टर. लहानपणापासून वसतिगृहात वाढला, गुलाबाचा आणि त्याचा संबंध फक्त काटे टोचण्यापुरता. झाडं हलवली त्या दिवशीही तो आला नव्हता, त्यामुळे सांधा हा शब्द त्याने ऐकला नव्हता. बाबांसाठी आरामखुर्ची द्यायला आला आणि मागे हात धुताना त्याला ढिगातून वर आलेले तीन खुंट दिसले. त्याने नखाने खरवडलं, आत तपकिरी. कीड लागली की निरोगी भाग लागेपर्यंत साफ करायचं, ही त्याची विद्या. दादाच्या हत्यारांतून छोटी करवत काढून तो कापत खाली गेला. माती उकरली तर आत एक खडबडीत, काळी, फुगीर गाठ. ही पाहून तो दचकलाच. एवढी मोठी गाठ झाडाच्या अंगात वाढतेय आणि घरात कुणाला पत्ता नाही, असं त्याला वाटलं. त्याने ती गाठ अत्यंत काळजीपूर्वक, मुळासकट म्हणतात तशी, कापून काढली. खाली पांढरंस्वच्छ लाकूड लागलं. त्याने माती पुन्हा होती तशी थापली, कापलेलं सगळं पिशवीत घालून गाडीत टाकलं, आणि आपण आज बाबांसाठी काहीतरी केलं या समाधानात दवाखान्यात गेला.

नंतर बरेच दिवस मातीच्या ढिगाशिवाय तिथे काही दिसेना. वहिनी सकाळी उठून आधी मागे जायची, मग चूल पेटवायची. दादा तर त्या दारात चहा प्यायचाच बंद झाला. आणि एके दिवशी ढीग फोडून हिरवा कोंब आला. मग आणखी. आठवड्याभरात असे तरारले की वहिनीला रडू फुटलं.

रविवारी सगळे वेळेवर आले. बाबांची बॅग ताईने जड मनाने आणून बाहेरच्या खोलीत ठेवली, कारण आज बाबा इथे राहायलाच आले होते. त्यांना चहा देऊन तिघं आधी मागे जाऊन झाड पाहून आली, आणि त्या हिरव्यागार फांद्यांसमोर उभं राहिल्यावर तिघांचाही जीव भांड्यात पडला. दादाने ताईला पाणी किती घालतो ते सांगितलं. ताई म्हणाली, वहिनीच्या हाताला गुण आहे. वहिनीने इतक्या वर्षांत नणंदेच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. धाकटा खाली वाकून फांदीवर हात फिरवून म्हणाला, काटे पण नाहीत बघ, किती गुळगुळीत. तिघांच्याही मनात एकच होतं, की मी हात लावला म्हणून हे वाचलं. कुणी बोललं नाही, म्हणून तेवढा वेळ तरी सगळं गोड चाललं.

ऑपरेशनने दिसण्यात फारसा फरक पडला नव्हता, तेव्हा बाबांना धरून आणलं. वाटेत त्यांनी बाकीच्या चार झुडपांना हात लावला. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि त्यांना आखूड, तांबूस, काटेरी फूट आली होती. बाबा बरं म्हणाले. मग तिच्या झाडाशी खाली बसले. गुडघे कुरकुरले, दादा हात द्यायला पुढे झाला तर त्याला थांब म्हणाले.

त्यांनी एक पान हातात घेतलं. बोटांनी पानाच्या देठावरची छोटी पानं चाचपली, एका बाजूने, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्यापासून. मग फांदी चिमटीत धरून वरून खालपर्यंत ओढली, आणि मातीत बोटं घातली. वहिनीला आधी वाटलं ते ओल बघताहेत. पण त्यांची बोटं खोल खोल जात राहिली, बुंध्याभोवती फिरली, थांबली, पुन्हा फिरली. अंधारात किल्ली शोधणाऱ्याची फिरतात तशी.

"रंग कसला आहे कोवळ्या पानाचा?" त्यांनी विचारलं.

वहिनी म्हणाली, "हिरवा. पोपटी."

"तांबूस नाही?"

"नाही बाबा."

बाबांनी हात मातीतून काढला नाही. "सांधा कुठे आहे?" ते म्हणाले.

दादाने सांगितलं की खाली, माती लावलीय ना. बाबा म्हणाले, मी मुळापर्यंत गेलो, सांधा नाही. वर करवतीचा सपाट काप आहे. देठावर पानं पाचाऐवजी सात, काटे नाहीत. हे सगळं खालच्या खुंटाचं आहे, बिनकाट्याच्या रानगुलाबाचं. धाकट्याने तेव्हा अगदी सहज, खरंच सहज विचारलं, "सांधा म्हणजे ती गाठ का?"

धाकट्याच्या ध्यानात आलं ते सगळ्यांच्या नजरांमुळे.

ताईचा संताप आधी त्याच्यावर बरसला. दादाने तिला साथ दिली, नको तिथे डॉक्टरकी कुणी सांगितली होती म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती दोघं एका बाजूला होती. पण धाकटा रडवेला होऊन म्हणाला, की मी आलो तेव्हा नुसते खुंटच होते, तुम्ही गुडघ्याइतकं ठेवलं होतं ना, ते कुणी खाल्लं. मग दादाने ताईकडे पाहिलं. ताईने आधी कानांवर हात ठेवले, मग म्हणाली वाळलेलं होतं म्हणून कापलं, आणि मी आले तेव्हा ते गुडघ्याला कुठे होतं, पोटरीलाही नव्हतं. मग ती आणि धाकटा एका बाजूला झाले आणि दादा एकटा पडला. दादा वहिनीवर उलटला, माती तू लावलीस, माती नसती तर त्याला सांधा दिसला असता. वहिनीने पदर तोंडाशी धरला. ती म्हणाली, हो, मीच लावली. तिच्या बाजूने कुणीच नव्हतं, आणि तिने कुणाची वाटही पाहिली नाही.

बाबा खालीच बसले होते. भांडण जरा दमल्यावर त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या आवाजात एकदम जोर आला.

"काड्या कुठे आहेत?"

तिघांना कळेना.

"कापलेल्या काड्या. हिरवी काडी असेल तर तिच्यावर डोळा असतो. मी अजून भरू शकतो, मला बघावं लागत नाही. खुंट चांगला आहे. काड्या आणा."

वहिनी सांगते, त्या क्षणी ते वीस वर्षांनी तरुण दिसले. दादाने खाली पाहत सांगितलं की त्याच्या दुकानाच्या कचऱ्यात गेल्या. ताईच्या कोपऱ्यावरच्या पेटीत गेल्या. कधी, असं बाबांनी विचारलं, आणि दोघांची उत्तरं ऐकून नुसतं हं म्हणाले. धाकटा मात्र ओरडलाच, की माझ्या गाडीत आहेत, पिशवी अजून डिकीत आहे. तो पळाला. ताई त्याच्यामागे पळाली. दादाने घरात जाऊन बाबांचा डोळे भरायचा चाकू शोधून काढला, आणि तो धुवून पुसून हातात घेऊन उभा राहिला. तेवढा वेळ त्या चौघांमध्ये काही वैर नव्हतं. देवा, एवढं होऊ दे, असं वहिनी पुटपुटत होती.

धाकट्याने पिशवी आणून बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी पहिली काडी घेतली आणि अंगठ्याचं नख तिच्या सालीत रोवलं. साल सुटली नाही, तुकडा पडला. दुसरी घेतली, ती वाकवताच मोडली. बंद गाडीत, उन्हात, इतके दिवस. त्यांनी एकूण एक काडी पाहिली, घाई न करता. शेवटी ती गाठ हातात आली. तिच्यावरून त्यांनी बराच वेळ अंगठा फिरवला. त्या जागी त्यांनी आणि आईने मिळून डोळा बांधला होता. त्यांनी बांधायचं आणि आईने दोरी धरायची, अशी त्यांची पद्धत होती.

"ज्या दिवशी कापलंत," ते म्हणाले, "त्या दिवशी एकाने जरी सांगितलं असतं. तिघांपैकी एकाने. चुकलो म्हणायचंही नव्हतं, नुसतं कापलं म्हणायचं होतं. मी त्याच दिवशी डोळा भरला असता."

ताई हे सहन न होऊन बोलली. तिला बाबांचा जीव सगळ्यात जास्त, म्हणून तीच बोलली. "आणि तुम्ही बाबा? माणसं दारात येऊन एक डोळा मागत होती. एक दिला असता तर आज शंभर घरांत आईचं झाड असतं. आम्हाला पण नाही दिलात. मी मागितलं होतं, कुंडीत लावते म्हणाले होते, तुम्हाला आठवतं का?"

दादा तिला गप्प हो म्हणाला. बाबा म्हणाले, बोलू दे, खरं आहे. ती माझीच होती असं वाटायचं. ताईला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

कुणाला जेवायचं नव्हतं, तरी वहिनीने पानं वाढली, कारण दुसरं काय करावं हे तिला सुचेना. सगळे बाहेरच्या खोलीत आले. बाबांची बॅग अजून तिथेच होती. दादाची नजर तिच्यावर गेली. झाड जगेल तिथे मी, असं बाबा म्हणाले होते. आता झाड कुठेच नव्हतं.

ताई म्हणाली, माझ्याकडे परत चला बाबा, तुमची खाट अजून काढली नाहीये. धाकटा म्हणाला, मी वरची खोली रिकामी करून देतो, आजच देतो. दादा हट्टाने म्हणाला, खोली तयार आहे, पडदे लावलेत, बाबा इथेच राहणार. ताई म्हणाली, कशाच्या जोरावर. पुन्हा आवाज चढायला लागले. तिघांनाही बाबा हवे होते, अगदी मनापासून हवे होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याच्या घरी गेले तर आपली चूक कायमची आपल्या नावावर लागेल.

आयुष्यभर या माणसाने घरातल्या खिळ्याची जागासुद्धा स्वतः ठरवली होती. पोरांची शाळा त्यांनी ठरवली, धाकट्याला वसतिगृहात त्यांनी घातलं, झाड कुठे लावायचं ते त्यांनी सांगितलं. तेव्हा ते काय म्हणतात म्हणून तिघं थांबली.

"तुम्ही ठरवा," बाबा म्हणाले. "मला कुठेही चालेल."

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. रागावलेले बाबा तिघांना ठाऊक होते, त्यांची समजूत कशी काढायची तेही ठाऊक होतं. हे ते शांतपणे म्हणाले, बसमध्ये कुणी सरकून बसायला सांगितल्यावर आपण चालेल म्हणतो तसं. ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. धाकटा तसाच उभा राहिला.

दादाला काहीतरी करायला हवं होतं. त्याने वाकून बॅग उचलली आणि आतल्या खोलीकडे निघाला. पाय वाजले तशी बाबांनी मान तिकडे वळवली, मग खुर्चीचा हात धरून उठले आणि बॅग जिकडे चालली होती तिकडे तिच्यामागून गेले.